गोदामाचे पत्र्याचे छप्पर : या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीची गोदामे असोत वा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने, छप्पर गळू लागले की दोष पावसाला दिला जातो. प्रत्यक्षात ते मार्च ते मे या काळात उन्हाने खिळखिळे झालेले असते.

उन्हाळ्यात भर दुपारी पोलादी पत्र्याचे तापमान 60 अंशांपर्यंत चढते आणि पहाटे पुन्हा उतरते. पोलाद दर मीटरला, दर अंशाला 0.012 मिलिमीटर प्रसरण पावते, म्हणजे 40 अंशांच्या फरकाने 30 मीटरचा अखंड पत्रा सुमारे 14 मिलिमीटर वाढतो आणि रात्री तेवढाच आखडतो. ही रोजची ओढाताण स्क्रू आणि त्याखालचा रबरी वॉशर सोसत असतात. आमच्या गोदामावरचा एक गळका स्क्रू मी स्वतः काढून पाहिला, तेव्हा वॉशरचा नखाने भुगा झाला आणि पत्र्यातील भोक तांदळाच्या दाण्यासारखे लांबट झालेले दिसले. अशा जागी डांबर थापणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण ते पुढच्याच उन्हाळ्यात तडकते आणि त्याखाली पाणी साचून गंज वाढतो. तेथे अधिक जाड स्क्रू आणि नवा ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणाऱ्या कृत्रिम रबराचा) वॉशरच बसवावा. स्क्रू वॉशर जेमतेम दबेल इतकाच आवळावा. वॉशर कडेने फाकला, तर तो लवकर फाटतो.

पत्रा खरेदी करताना सांगितलेली जाडी मूळ पोलादाची आहे की जस्त आणि रंगाचे थर धरून, हे बिलावर लिहून घ्यावे. छपरावर स्क्रू पन्हाळीत न मारता उंचवट्यावर मारावेत आणि ड्रिलचा लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढावा, अन्यथा पहिल्या वळवातच त्याचे तांबूस डाग पडतात. एसीच्या तांब्याच्या नळीवरून ओघळणारे पाणीही पत्र्यावर पडू देऊ नये. ते जस्ताचा थर खाऊन टाकते.

उष्णता रोखण्यासाठी लावलेला चकचकीत फॉइलचा थर पत्र्याला घट्ट चिकटवला, तर त्याचा बराचसा उपयोग वाया जातो. त्याच्या चकचकीत बाजूला हवेची पोकळी हवी. पांढरा परावर्तक रंगही धूळ साचली की निष्प्रभ होतो, म्हणून तो धुवावा लागतो.

उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे उन्हाने ठिसूळ होतात आणि वरून मजबूतच दिसतात. त्यांवर पाय ठेवून माणसे खाली कोसळतात. सेफ्टी बेल्ट आणि फळीशिवाय कामगाराला वर पाठवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गळती शोधताना ठिबकणाऱ्या जागेच्या नेमके वर पाहून उपयोग नसतो, कारण पाणी पत्र्याखालून उताराने वाहत येते. खालच्या कडेपासून वरच्या दिशेने, एकेक पट्टा दहा-पंधरा मिनिटे पाइपाने भिजवावा आणि आत एकाने टॉर्च घेऊन उभे राहावे. जो पट्टा भिजवताना आत पहिला थेंब दिसेल, त्या पट्ट्यावरचेच स्क्रू आणि सांधे उघडून पाहावेत.