वावरात मेलेलं रानडुक्कर दिसलं तर काय करावं

धुऱ्यावर रानडुक्कर मरून पडलं की बहुतेकांना वाटतं, करंट लागला नाहीतर कुणी विष टाकलं. करंटनं मेलेल्याच्या कातडीवर बहुधा जळाल्याचा डाग असतो, तारही बरेचदा जवळच सापडते. विषानं मेलेली बहुधा एकाच रात्री, जवळजवळ पडतात. पण आठ-पंधरा दिवसांत निरनिराळ्या ठिकाणी लहान-मोठी सगळीच मरत असतील, कान-पोट जांभळं पडलं असेल, नाकातून रक्त आलं असेल, तर आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा, म्हणजे डुकरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य तापाचा संशय घ्या. तापानं फणफणलेलं जनावर पाणी गाठतं, म्हणून हिवाळ्यात नाल्याकाठी मढी सापडणं ही मोठी खूण. मे महिन्यात मात्र सारं रानच पाण्यावर असतं. तेव्हा तेवढ्यावरून काही ठरवू नका. क्लासिकल स्वाइन फिव्हर हा डुकरांचा दुसरा तापही असाच दिसतो. त्याची लस आहे, आफ्रिकनची आपल्याकडे नाही. फरक प्रयोगशाळाच सांगते.

हा रोग माणसाला होत नाही, पण विषाणू बुटाला, कोयत्याला, बंडीच्या चाकाला चिकटून गावात येतो. रानात तो रेंगाळतो मढ्यांमुळे: दुसरी डुकरं मढं हुंगतात, ते उचललं तरी खालची माती उकरतात. म्हणून हात न लावता लांबूनच फोटो काढा, जागा नोंदवा, कुत्री बांधा आणि वनविभागाला 1926 वर व पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कापून वाटे घालणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहेच. त्याहून वाईट म्हणजे आतडी उकिरड्यावर जातात आणि गावची डुकरं तीच खातात.

पुरायचं काम वनविभागाच्या देखरेखीत, विहीर-नाल्यापासून दूर करा. खड्डा 6 फूट, मढ्याखाली-वर चुना. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कुत्री तिथूनच उकरतात; म्हणून मढ्यावर किमान 3 फूट माती हवी आणि वर उंचवटा. पावसानं माती बसली की पुन्हा भर घाला.

परतल्यावर बूट आधी साबणानं घासा. चिखलाखालच्या विषाणूला औषध पोचत नाही. मग 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम कॉस्टिक सोडा घालून त्यात बूट अर्धा तास ठेवा. सोडा पाण्यात टाका, सोड्यावर पाणी ओतू नका, उसळतं. बादली प्लास्टिकची घ्या, जर्मनचं भांडं हा सोडा खातो. हातमोजे, चष्मा हवाच. द्रावण रोज ताजं करा.

घरी डुकरं असतील तर मोकळी सोडू नका. कुंपण असं हवं की रानडुकराचं नाक आतल्याला लागणार नाही. हॉटेलचं उष्टं शक्यतो नकोच, द्यायचंच तर उकळी आल्यावर तासभर ढवळत शिजवा. कळपात एखादं अचानक मेलं की उरलेली बाजारात नेण्याची घाई होते. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 4 ते 19 दिवस लागू शकतात. धडधाकट दिसणारं विकलेलं डुक्करच रोग पुढच्या गावाला नेतं.