लॅटिन प्रोबेट वाचताना या चुका टाळा

इंग्लंडमधलं सतराव्या शतकातलं मृत्युपत्र बहुधा इंग्रजीत असतं. पण नोंदवहीत त्याच्या खाली पाच-सात ओळी लॅटिन येतं, आणि वंशावळ शोधणारे बरेच जण तिथेच थांबतात. या ओळी सोडू नका. मृत्युपत्र चर्चच्या कोर्टात सिद्ध झाल्याची ती नोंद आहे, म्हणजेच प्रोबेट. माणूस त्या तारखेच्या आधी गेला, हे त्यावरूनच कळतं.

तारीख मात्र जशीच्या तशी उतरवू नका. १७५२ पूर्वी तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, आपलं शक पाडव्याला बदलतं तसं. म्हणजे तिथला फेब्रुवारी १६९० हा आजच्या हिशेबाने १६९१ चा. आपल्या वहीत १६९०/९१ लिहा. महिन्याच्या जागी ‘७ब्रिस’ दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर! सेप्टेम म्हणजे आपलं सप्तच.

सगळ्यात जास्त घोळ नावांत होतो. ‘जुरामेंतो जोहान्नाए रेलिक्ताए’ हे शब्द बघा. नवखा माणूस बाईचं नाव जोहान्नाए आणि आडनाव रेलिक्ता लिहून मोकळा होतो. खरा अर्थ ‘विधवा जोहान्ना हिच्या शपथेवर’. शेवटचा ‘आए’ हा षष्ठीचा प्रत्यय आहे; ‘रामाच्या’ वाचून आपण मुलाचं नाव ‘रामाच्या’ लिहितो का? शिवाय ती घरात जोन होती की जेन, हे वरच्या इंग्रजी मजकुरातूनच ठरवा. तसाच जाकोबुस हा बहुतेकदा जेम्स निघतो, एजिदियुस म्हणजे जाइल्स.

‘फिलियुस नातुरालिस एत लेजितिमुस’ वाचून मुलगा अनौरस ठरवू नका, फार वाईट वाटतं अशी वंशावळ बघताना. नातुरालिस म्हणजे पोटचा, लेजितिमुस म्हणजे औरस. ‘नेपोस’ नातू असेल किंवा पुतण्या-भाचा. दुसरा पुरावा मिळेपर्यंत दोन्ही शक्यता ठेवा. ‘पोतेस्ताते रेझर्वाता’ म्हणजे दुसऱ्या एक्झिक्युटरचा (मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नेमलेल्या माणसाचा) हक्क राखून ठेवलाय. तो वारला, असं त्यातून निघत नाही.

तरीही अडलात तर १६५० च्या दशकातली नोंद काढा. राजा नव्हता त्या वर्षांत हा मजकूर इंग्रजीत लिहीत. १६६० नंतर लॅटिन परत आलं आणि १७३३ मध्ये कायमचं गेलं. साचा जवळजवळ तोच. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून शब्दाला शब्द लावत जा.