कमी कार्बचा आहार आणि पोट साफ होण्याचा प्रश्न

कमी कार्बचा, म्हणजे धान्य, साखर यांतली कर्बोदकं घटवलेला आहार सुरू केल्यावर पहिल्या पंधरवड्यात कुणी बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन आलं, तर मी आधी चोथ्याबद्दल (फायबरबद्दल) विचारत नाही. पाणी किती पिता आणि जेवणात मीठ किती असतं, हे विचारते. समोरच्याला जरा आश्चर्य वाटतं, कारण तो घरून इसबगोलचं पाकीट आणूनच आलेला असतो. आहारसल्ल्याच्या कामात हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता हा क्रम मी कुणासाठीच बदलत नाही: आधी पाणी, मग मीठ, आणि चोथा त्यानंतर.

कारण शरीरात त्या दिवसांत काय घडतं ते बघा. यकृत आणि स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवून ठेवतात आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणीही धरून ठेवलेलं असतं. कार्ब कमी झाले की हा साठा वापरला जातो आणि पाणी मोकळं होऊन लघवीवाटे निघून जातं. शिवाय इन्सुलिन उतरतं, तशी मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकू लागतात आणि सोडियमच्या मागे पुन्हा पाणी जातं. पहिल्याच आठवड्यात काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात त्यातला मोठा भाग हाच. आता मोठ्या आतड्याचं कामच मुळी मळातलं पाणी शोषून परत शरीराला देण्याचं आहे. शरीर कोरडं पडलं की ते शेवटचा थेंबही सोडत नाही आणि मळाचा खडा होतो. अशा वेळी वरून कोरडा चोथा ढकलला, तर तोही तिथेच अडकून बसतो. पोट आणखी जड होतं आणि माणूस म्हणतो, "इसबगोल घेऊनही फरक नाही."

पाण्याचा एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. बहुतेकांना दोन ते अडीच लिटर पुरतं. उन्हात काम असेल, घाम खूप येत असेल, तर जास्त लागतं. लघवी फिकट पिवळी राहिली पाहिजे, गडद झाली तर पाणी वाढवायचं. सगळं पाणी संध्याकाळी एकदम पिऊन टाकलं तर ते फक्त झोप मोडतं, म्हणून दिवसभरात वाटून घ्या. कामाच्या जागी स्वच्छतागृह नीट नसल्यामुळे बायका दिवसभर घोटभरसुद्धा पाणी पीत नाहीत, हे मी वारंवार ऐकते. त्यांना मी सकाळी उठल्यावर अर्धा लिटर आणि घरी परतल्यावर अर्धा लिटर, एवढं तरी पक्कं धरायला सांगते. अर्थात ही तडजोड आहे. दिवसभर तहान मारणं कुणाच्याच पोटाला मानवत नाही.

मिठाचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आहार बदलताना पाकिटबंद पदार्थ सुटतात आणि त्यांच्यातलं भरपूर मीठही सुटतं. बाहेर जाणारं सोडियम वाढलेलं आणि आत येणारं घटलेलं, अशी दुहेरी गळती सुरू होते. उभं राहिल्यावर चक्कर, डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे ही तिची लक्षणं. पहिले काही आठवडे दिवसातून एकदा मीठ घातलेलं भाजीचं किंवा हाडांचं गरम सूप कपभर घेतलं, तर बऱ्याच जणांना तेवढ्यावरच हलकं वाटतं. मात्र रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मीठ आणि पाणी दोन्हीचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना हा आहार डॉक्टरांना न सांगता सुरू करूच नका. कार्ब घटले की त्या गोळ्यांचा पूर्वीचा डोस जास्त ठरू शकतो.

आधी हे बघा की बद्धकोष्ठ आहे तरी का

रोज सकाळी व्हायलाच हवं, असा एक हट्ट आपल्या मनात असतो. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसात सर्वसाधारण मानलं जातं. मांस, अंडी, तेल-तूप यांचा जवळजवळ सगळा भाग लहान आतड्यातच शोषला जातो, खाली फारसं काही उरत नाही. धान्य आणि कडधान्य कमी झाली की मळाचं आकारमानच घटतं. मग रोज जाणारा माणूस दिवसाआड जाऊ लागला, मळ मऊ आहे, कुंथावं लागत नाही, नंतर मोकळं वाटतं, तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. त्याला रेचक देणं म्हणजे नसलेल्या आजारावर औषध देणं.

किती दिवसांनी झालं यापेक्षा कसं झालं, हे पाहा. डॉक्टर त्यासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात मळाचे सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे सुटे कडक खडे, दुसरा गुठळ्या-गुठळ्यांचा लांबट गोळा. हे दोन्ही बद्धकोष्ठाचे. तिसरा वरून भेगा असलेला आणि चौथा गुळगुळीत, मऊ. हे दोन हवेत. पाचव्यापासून तो सैल होत जातो आणि सातवा म्हणजे निव्वळ पाणी. पहिला-दुसरा प्रकार दिसतोय, जोर करावा लागतोय, किंवा जाऊन आल्यावरही आत काही राहिल्यासारखं वाटतंय, तर मग उपाय करायचे.

चोथा कुठून आणायचा

मोठ्या माणसाला दिवसाला निदान 25 ग्रॅम चोथा हवा. धान्य, कडधान्य आणि गोड फळं बाजूला ठेवून एवढं जमत नाही, असं अनेकांना वाटतं. पण कागदावर मांडून बघा. 200 ग्रॅम फ्लॉवरमध्ये सुमारे 4 ग्रॅम चोथा असतो. 150 ग्रॅम पालकात 3 च्या वर, 100 ग्रॅम भेंडीत 3 च्या वर, 30 ग्रॅम बदामांत साडेतीनच्या वर, 15 ग्रॅम जवसात 4 आणि 15 ग्रॅम चियात 5. बेरीज 23 च्या आसपास जाते आणि या सगळ्यातले पचणारे कार्ब मिळून 20 ग्रॅमच्या आत राहतात. त्यात थोडी कोबी किंवा फरसबी आली की 25 पूर्ण. म्हणजे अगदी कडक कमी-कार्ब आहारातही हे बसतं. अट एकच, ताटाचा निम्मा भाग भाजीने भरलेला हवा. माझ्याकडे येणाऱ्यांच्या नोंदींत बहुधा उलटं दिसतं: अंडी, चीज, मांस भरपूर आणि भाजी नावाला, कडेला चमचाभर. चीज, अंडी आणि मांस यांत चोथा शून्य, हे लक्षात असू द्या.

जवस अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात, म्हणून ते दळूनच घ्यायचे. दळलेल्या जवसातलं तेल लवकर खवट होतं, त्यामुळे थोडेच दळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. चिया स्वतःच्या वजनाच्या दहापट पाणी धरू शकतं. ते कोरडं खाऊ नका, पाण्यात किंवा दह्यात पुरेसं भिजवून, फुगल्यावर खा.

इसबगोलबद्दल जरा थांबून सांगते, कारण सगळ्यांच्या हाताशी असलेला हा उपाय सर्रास चुकीचा घेतला जातो. सुरुवात एका छोट्या चमच्याने करा. मोठा पेला, साधारण 250 मिलीलिटर पाणी घ्या, त्यात ढवळा आणि घट्ट व्हायच्या आत पिऊन टाका. वर आणखी पेलाभर पाणी प्या. इसबगोल पाणी धरून फुगतं आणि मळाला मऊ ठेवतं. ते पाणी तुम्ही दिलं नाहीत, तर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा ज्यांचं आतडं कुठे अरुंद झालेलं आहे, त्यांनी ते घेऊच नये. झोपायला आडवं होण्याच्या अगदी आधी घेऊ नये. आणि इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवावं, कारण औषध त्यात गुरफटून नीट शोषलं जात नाही.

चोथा एकदम वाढवू नका, आठवड्याला चार-पाच ग्रॅमच्या हिशेबाने चढवा. एका दिवसात दहावरून पंचवीसवर गेलात, तर पोट फुगतं, वायू अडकतो आणि चांगला उपाय बदनाम होतो. हळूहळू वाढवूनही फुगारा जात नसेल आणि मळ पुढे सरकत नसेल, तर प्रमाण खाली आणा. काही माणसांच्या आतड्याची हालचालच मंद असते आणि त्यांना जास्त चोथ्याने त्रास वाढतो. त्यांच्यावर चोथा लादण्यात अर्थ नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला तीन दिवस द्या. खाल्लेलं अन्न बाहेर पडायला एक ते तीन दिवस लागतात. आज घेतलेल्या चियाचा निकाल उद्या सकाळी मागितला, तर उत्तर खोटंच मिळणार. पाणी, इसबगोल, मॅग्नेशियम, कॉफी सगळं एकाच दिवशी सुरू केलं आणि जुलाब झाले, तर दोष कुणाचा ते कळतही नाही. जुलाबांवरून आठवलं, 'शुगर-फ्री' चॉकलेटांत आणि कमी-कार्बच्या वड्यांत साखरेऐवजी बहुधा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असतं. थोडं खाल्लं तर चालून जातं, जास्त झालं तर पोट फुगतं आणि पातळ होतं. बद्धकोष्ठावरचा उपाय म्हणून त्या खाऊ नका.

वेळ आणि बसण्याची रीत

पोटात काही गेलं की मोठं आतडं हलू लागतं. ही प्रतिक्रिया सकाळी सगळ्यात जोरदार असते. कमी कार्ब खाणारे बरेच जण सोबत सोळा-सोळा तासांचे उपासही धरतात, न्याहारी सुटते आणि आतड्याला सकाळचा तो धक्का मिळत नाही. पोट अडलेलं असेल, तर काही दिवस न्याहारी परत सुरू करा. ती छोटी असली तरी चालेल. उपासच ठेवायचा असेल तर निदान कोमट पाणी आणि बिनसाखरेची कॉफी घ्या. कॉफीने अनेकांच्या मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. त्यानंतर दहा मिनिटं मोकळी ठेवा. फोन बाहेर ठेवून जा. कळ नसताना बसून जोर करत राहिलं की मूळव्याधीला आमंत्रण मिळतं.

कमोडवर बसत असाल, तर पायांखाली 15 ते 20 सेंटीमीटर उंचीचं पाटासारखं काहीतरी घ्या आणि किंचित पुढे वाका. गुडघे कंबरेच्या वर आले की गुदद्वाराभोवतीचा जो स्नायू वाट वळवून धरतो, तो सैल पडतो आणि मार्ग सरळ होतो. याला एक पैसाही लागत नाही, आणि याचा उपयोग झाल्याचं मला सर्वांत जास्त लोकांनी सांगितलं आहे.

कळ आली की जा. गाडी चालवणारे, दुकानात एकटे बसणारे, वर्गावरचे शिक्षक ती दाबून ठेवतात. थोड्या वेळाने ती नाहीशी होते, मळ आतच राहतो आणि तासागणिक कोरडा होत जातो. वर्षानुवर्षं असं केलं की कळ येण्याची जाणीवच बोथट होते. जेवणानंतर वीस मिनिटं चालणं यालाही पूरक आहे, त्यावर वेगळं काही सांगायला नको.

औषधापर्यंत आलात तर

हे सगळं दोन आठवडे नीट करूनही खडा सुटत नसेल, तर मॅग्नेशियम सायट्रेट किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आतड्यात पाणी ओढून मळ सैल करतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी ते आपल्या मनाने अजिबात घ्यायचं नाही, रक्तात मॅग्नेशियम साठून धोका होतो. लॅक्टुलोज आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलही पाणी धरूनच काम करतात. लॅक्टुलोज गोड लागतं म्हणून लोक घाबरतात, पण ते जवळजवळ शोषलंच जात नाही. सोनामुखी किंवा बिसाकोडिल आतड्याला ढोसून हलवतात. ते अडल्या वेळी एखाद-दोन दिवसांसाठी ठेवा. महिनोन्महिने घ्यावं लागत असेल, तर डॉक्टरांशी बोला.

कधीकधी कारण आहारात नसतंच. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधं, कोडीनसारखी वेदनाशामकं, रक्तदाबावरचं व्हेरापामिल ही सगळी पोट बांधतात. थायरॉइड मंद असेल तरी तसंच होतं. आहार आणि गोळी एकाच महिन्यात सुरू झाली असेल, तर दोष आहाराच्या माथी मारण्याआधी गोळीचीही चौकशी करा. पण गोळी आपणहून बंद करू नका.

मळातून रक्त जात असेल, तो डांबरासारखा काळा असेल, वजन ठरवल्यापेक्षा फार वेगाने उतरत असेल, अशक्तपणा वाढत असेल, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलून तशीच राहिली असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. पोट फुगून दुखतंय, उलट्या होतायत आणि वायूही सरत नाही, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि एरवी डॉक्टरांकडे जाताना चार-पाच दिवसांची नोंद सोबत न्या: काय खाल्लं, किती पाणी प्यायलं, तक्त्यातला कितवा प्रकार झाला, आणि चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव, अगदी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांसकट.