सोलापूरच्या उन्हात बादलीतली भाजी

घरी भाजी लावायला गॅलरीतली दोन बाय चार फूट जागा पुरते. सोलापुरात अडचण येते ती उन्हाची आणि पाण्याची. मार्चमध्ये हौसेने लावलेली रोपे मे उजाडेपर्यंत होरपळतात आणि आपल्या हाताला यश नाही असे वाटू लागते. खरे तर हंगाम चुकलेला असतो. पहिल्यांदाच लावत असाल तर दसऱ्यानंतर सुरुवात करा.

रंगाची 20 लिटरची रिकामी बादली घासून घ्या. तळाला बोट जाईल एवढी पाच-सहा भोके पाडा आणि तळापासून इंचभर वर, बाजूलाही दोन. फरशीवर टेकल्यावर खालची भोके बुजतात, तेव्हा हीच उपयोगी पडतात. बादली काळी किंवा गडद असेल तर बाहेरून पांढरा रंग द्या, नाहीतर उन्हात मुळे भाजतात. ओल्या मातीसकट बादलीचे वजन 20 किलोच्या वर जाते, म्हणून पत्र्यावर ठेवू नका.

माती नीट समजून घ्या, कारण निम्मी झाडे इथेच जातात. आपली काळी माती शेतात कितीही कसदार असली तरी कुंडीत नुसती तीच भरू नये. ओली झाली की ती फुगते आणि निचरा थांबतो. वाळली की आकसून कडेपासून सुटते, मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. रोज पाणी घालूनही झाड सुकते ते यामुळे. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, गोळा भिजतो.

मिश्रण असे करा: एक घमेले काळी माती, एक घमेले जुने शेणखत, एक घमेले दोनदा धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धे घमेले जाडी वाळू. शिवाय दर बादलीला मूठभर निंबोळी पेंड. शेणखत पूर्ण कुजलेले, वास न येणारे हवे. कच्च्या खताने मुळे जळतात, मुळे खाणारी हुमणी अळीही येते.

मेथी सर्वात सोपी, तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात काढता येते. कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन फाके करा आणि अर्धा इंच खोल पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर माती उकरून पाहू नका. उन्हाळ्यात ती लगेच फुलावर जाते. मिरची, वांगे यांचे बादलीत एकच रोप ठेवा.

नळाला रोज पाणी नसते, म्हणून डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी साठवा आणि त्याच दिवशी वापरा. बोट दोन पेरे खुपसून कोरडे लागले तरच, सकाळी आठच्या आत घाला. बोअरच्या जड पाण्याने मातीवर पांढरा थर धरतो, पानांच्या कडा करपतात. महिन्यातून एकदा नळाचे पाणी तळातून भरपूर वाहीपर्यंत घाला. फिल्टरमधून बाहेर पडणारे क्षाराचे पाणी झाडांना घालू नका.

ओल टिकवायला रसवंतीवरची चिपाडे उत्तम. ती धुऊन वाळवा, बारीक तुकडे करून दोन इंच पसरा, पण खोडापासून दोन बोटे दूर. न धुता टाकली तर मुंग्या लागतात. मार्च ते मृग या काळात पश्चिमेकडून 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा. तरीही भर उन्हाळ्यात टोमॅटो-मिरचीची फुले गळतात. तो खताचा दोष नाही, खत वाढवू नका.

पानांवर बारीक पिवळसर ठिपके आणि खाली जाळे दिसले तर लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. न गेल्यास लिटरभर पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचे तेल आणि दोन-तीन थेंब साबण घालून संध्याकाळी फवारा. उन्हात फवारल्यास पाने जळतात.

मे महिन्यात रिकाम्या बादल्यांतली माती गच्चीवर चार बोटे जाड पसरा, ओली करा आणि वर पारदर्शक प्लास्टिक टाकून कडा विटांनी दाबा. चार आठवड्यांत बुरशी आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे डोळ्यांना न दिसणारे जंत) बरेच कमी होतात. मग पाव भाग नवे शेणखत मिसळून मृगाला पुन्हा भरा.