गमभन, काटेरी हलवा आणि शंकरपाळ्याची अक्षरं

गोळ्या-खाऊ हाताशी घेऊन अक्षरं शिकवायची असतील, तर आधी एक पथ्य पाळा. ‘बरोबर सांगितलंस तर गोळी मिळेल’ असं मुलाला म्हणायचं नाही. खाऊ बक्षीस झाला की लक्ष अक्षरावरून उडून डब्यावर जातं. मी बालवाडीत बरीच वर्षं शिकवलं, आता घरी नातीबरोबर तेच करते आहे. माझं मत पक्कं आहे: खाऊ हे साहित्य आहे. मण्यांचं आणि चिंचोक्यांचं जे काम, तेच त्याचं. खायचा वाटा आधीच छोट्या वाटीत वेगळा काढावा आणि खेळ आटोपला की द्यावा. अक्षर आलं तरी द्यावा, नाही आलं तरी द्यावा. वाटी मात्र लहानच हवी. दिवसभरातल्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांच्या आतच वरच्या साखरेतून यावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ सालचा सल्ला आहे, आणि बिस्किटं, दुधात घातलेली साखर हे सगळं त्यातच धरायचं असतं.

आता सुरुवात कुठून करायची? तक्त्यावर पहिला अ असतो म्हणून अ पासून नको. अ आणि इ काढायला नाजूक हातांना जड जातात. ग, म, भ, न घ्या. चारही अक्षरांना उजवीकडे उभा दंड आहे आणि डावीकडे एक गाठ. ग ची गाठ खाली लोंबते, न ची मधोमध असते. एक अक्षर हाताला बसलं की पुढचं अर्धं आलेलंच असतं. शिवाय एवढ्या चार अक्षरांत मन, मग, नभ, गगन, नमन हे शब्द वाचून होतात. आपण वाचतो आहोत हे मुलाला इतक्या लवकर कळणं फार मोलाचं आहे. बाकीच्या अक्षरांना मग वेळ लागला तरी ते कंटाळत नाही.

माझा सगळ्यात आवडता खेळ संक्रांतीच्या काटेरी हलव्याचा. बोरनहाणाच्या झबल्याचं उरलेलं काळं कापड असेल तर उत्तम, नसेल तर कुठलंही गडद सुती कापड घ्या. त्यावर पांढऱ्या खडूने वीतभर उंचीचं एकच अक्षर काढा. शेजारी हलव्याची वाटी ठेवा. मुलाने आधी त्या रेषेवरून बोट फिरवायचं, मग चिमटीत एकेक दाणा उचलून रेषेवर मांडत जायचं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. पुढे पेन्सिल याच तीन बोटांत येणार आहे, म्हणून मुठीने ओतायला लागलं तर थांबवा आणि तुम्ही स्वतः एक दाणा ठेवून दाखवा. बोलून समजावण्यापेक्षा ते लवकर पोचतं.

मांडण्याचा क्रम लिहिण्याच्या क्रमाचाच ठेवा: आधी डावीकडचा भाग, मग दंड, शिरोरेघ सगळ्यात शेवटी. मुलांना शिरोरेघ आधी मांडायची फार हौस असते, कारण ती सरळ असते. तिथे जरा धरून ठेवावं लागतं. म आणि भ ची गल्लत होते तेव्हा हलवा खरा कामाला येतो. म वरची ओळ सलग जाते. भ वर ती डावीकडे तुटते आणि तिथे वर छोटी गाठ येते. मुलाला म वर ओळ पूर्ण मांडू द्या. मग भ मांडताना त्या फटीवर तुमचं बोट ठेवा आणि विचारा, ‘इथे दाणा ठेवायचा का?’ फट हाताने जपलेली असली की ती डोळ्यांनाही दिसायला लागते. घ आणि ध च्या वेळी हाच प्रश्न पुन्हा उपयोगी पडतो.

हाताने चाचपून अक्षर शिकणं नवं नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या पद्धतीतली सँडपेपरची अक्षरं मुलं बोटाने गिरवतात. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या आसपास मिळणाऱ्या बिया, पानं, खडे, शिंपले यांच्या जिवावर. दुकानातले महागडे संच आणले नाहीत म्हणून कुणाचं काही अडत नाही. हलवा तर मुळातच खडबडीत असतो, बोटाला हलका टोचतो.

सांभाळायचं ते सांगते. चार वर्षांच्या आतल्या मुलाला साखरफुटाणे, लिमलेटसारख्या गोल कडक गोळ्या, अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. त्या वयाला खाली सांगितलेलं शंकरपाळ्याचं पीठच बरं. मोठ्या मुलांपाशीही शेवटपर्यंत बसा. मांडलेला हलवा खायचा नाही, तो बरणीत परत जातो.

पिठीसाखर ताटात पसरून बोटाने गिरवायचा खेळ बऱ्याच ठिकाणी सुचवतात. मला तो फारसा पटत नाही. साखर बोटाला चिकटते, रेघ फाटते आणि मुंग्या लागतात. करायचाच तर काळ्या ट्रेमध्ये दाणेदार साखर घ्या.

डोळे आणि हात झाले, आता कान. खाऊच्या नावातला पहिला आवाज ओळखायचा. समोर तीन वाट्या आणि प्रत्येकीवर अक्षराची चिठ्ठी. मोदक, मैसूरपाक म च्या वाटीत. नानकटाई, नारळाची वडी न च्या. गूळ, गाठी, गुडदाणी ग च्या. घरात असेल तो तुकडा ठेवा, नसेल त्याचं चित्र काढा. भ साठी गोड पदार्थ शोधत बसू नका, भुईमुगाची शेंग चालते. पुढे च आला की एक गंमत कानावर पडू द्या: चिक्की आणि चकली सारखी सुरू होत नाहीत. आमच्या नातीने हे आपणहून पकडलं. मुलाने असं काही म्हटलं तर ‘दोन्ही च च’ म्हणून गप्प करू नका, च च्या दोन वाट्या करा. ज चंही तसंच, जिलबी आणि जांभूळ. ळ आणि ण ने शब्द सुरू होत नाहीत, तिथे शेवटचा आवाज पकडा: गूळ, तिळगूळ, पुरण. ळ शिकवायला खाऊएवढी सोय दुसरीकडे नाही, कारण गोळीतच तो आहे.

आता शंकरपाळ्याची अक्षरं. अर्धी वाटी दूध, अर्धी वाटी साखर आणि पाव वाटी तूप गरम करून साखर विरघळवा, कोमट झालं की मावेल तेवढा मैदा किंवा कणीक घालून घट्ट मळा. तूप नेहमीच्या निम्मंच आहे, ते मुद्दाम. मोहन जास्त झालं तर अक्षरं तेलात विरतात. मुलाला पोळपाटावर करंगळीपेक्षा बारीक वळी वळू द्या. खाली कागदावर काढलेलं अक्षर, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, आणि त्यावर वळी बसवायची. गाठीपाशी आणि दंड जिथे मिळतो तिथे दुधाचं बोट लावून दाबा, नाहीतर झाऱ्यावर म चा दंड एकीकडे आणि पोट दुसरीकडे अशी गत होते. थोडा वेळ वाळू द्या, मग मंद आचेवर तुम्ही तळा. मूल कढईपासून लांबच हवं. बदामी रंगावर काढा, गार झाल्यावर ती कडक होतात.

प्रत्येक अक्षर एकेकच करू नका. गगनला दोन ग लागतात, नमनला दोन न. काना म्हणून बोटभर सरळ काड्याही तळून ठेवा: मामाला दोन म आणि दोन काने, नानाला दोन न आणि दोन काने. मुलाच्या स्वतःच्या नावातली अक्षरं अजून शिकवलेली नसली तरी त्याच घाण्यात घाला, कारण ताटलीत गार झाली की ते सगळ्यात आधी तीच शोधतं.