शेततळ्याच्या योजनेचा आढावा कसा घ्यावा

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना महाराष्ट्रात २०१६ साली आली. वाहून जाणारं पावसाचं पाणी साठवून पावसात खंड पडेल तेव्हा पिकाला एखाद-दुसरं संरक्षित पाणी मिळावं, हा तिचा हेतू. पण आढावा बैठकीत लक्ष्यांक किती आणि पूर्ण किती, एवढंच विचारलं की साधनच साध्य होऊन बसतं. ते टाळायचं असेल तर आढावा असा घ्या.

आधी हेतू एका वाक्यात लिहा, पण त्यात ‘शेततळं’ हा शब्द येऊ देऊ नका. ‘कोरडवाहू शेतकऱ्याचं खरीप पीक खंडात वाचावं’ असं लिहिलंत की बांधबंदिस्तीसारखे पर्यायही समोर येतात.

मग तळ्यावर जा. पावसाचं पाणी आत यायला इनलेट आणि जादा पाणी बाहेर जायला आउटलेट हवा. चारही बाजूंनी उंच भराव, आत प्लास्टिकचं अस्तर, इनलेट नाही आणि काठावर बोअरचा पाइप सोडलेला दिसला, तर ते तळं पाऊस अडवत नाही, भूजल उपसून उघड्यावर ठेवतं. कागदावर मात्र दोन्ही तळी सारखीच ‘पूर्ण’.

आता हिशेब. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात, बाजूंचा उतार १:१ धरला तर, २,१९६ घनमीटर पाणी मावतं. भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं तरी रोज ४,५०० लिटर गेलं, आणि कडक उन्हाळ्यात याहून जास्त जातं. तळं बोअरने भरलेलं असेल, तर हेच पाणी जमिनीखाली बाष्पीभवनापासून सुरक्षित होतं आणि आसपासच्या विहिरींनाही मिळत होतं. अस्तरामुळे ते परत मुरतही नाही. बागायतदाराची फळबाग वाचते, शेजाऱ्याची उथळ विहीर आधी आटते. कार्यक्षमतेच्या कुठल्याच तक्त्यात हा शेजारी दिसत नाही, आणि आमच्या मते योजनेतला सगळ्यात मोठा अन्याय हाच.

म्हणून तळ्याभोवतीच्या विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे तुलना करता येते.

प्रपत्रात ‘पाण्याचा स्रोत’ हा रकाना घाला, आणि अनुदान देण्याआधी पावसाळ्यात इनलेटमधून पाणी आत येतानाचा फोटो मागा. पुढचा लक्ष्यांक ठरवण्याआधी ज्यांच्याकडे बोअर नाही त्यांना ग्रामसभेत बोलू द्या. मंजुरीनंतर विचारून त्यांच्या विहिरीत पाणी येत नाही.