बाळाला गुंडाळताना या चुका टाळा

गुंडाळलं की बाळ झोपतं, यात शंका नाही. गोम अशी की चुकीचं गुंडाळलं तरीही झोपतं, आणि आईबाबांना वाटतं, आपल्याला जमलं. मी दोन मुलं वाढवली, नात्यातली तर मोजलीच नाहीत. आता कुणाचं तान्हं बघायला गेले की चेहऱ्याआधी माझी नजर दुपट्याच्या खालच्या टोकाकडे जाते.

घोळ तिथेच असतो. वरून ढिलं आणि खालून करकचून! हवं नेमकं उलट. पाय ताणून, घोट्याला घोटा लावून बांधलेली पुरचुंडी फोटोत गोड दिसते. पण तान्ह्याचा खुबा कच्चा असतो, त्याची खोबण बरीचशी कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ. पोटात महिनोन्‌महिने दुमडलेले पाय एकदम ताठ करून तासन्‌तास बांधले, तर मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून सरकू शकतो. जपानमध्ये १९७० च्या दशकात बाळांचे पाय ताठ बांधू नका अशी मोहीमच निघाली आणि खुबा निखळण्याच्या तक्रारी खूप कमी झाल्या. ‘पाय वाकडे राहतील’ ही भीती सोडा. तान्ह्यांचे पाय वाकडे दिसतातच, पुढे आपोआप सरळ होतात.

माझी पद्धत साधी आहे. गुंडाळून झालं की कापडावरूनच बाळाचे गुडघे वर आणि बाहेर ढकलून बघते. बेडकासारखे फाकले तर ठीक, नाहीतर सोडायचं आणि पुन्हा बांधायचं. “आता झोपलंय, राहू दे ना” हे मी ऐकून घेत नाही. उठलं तर उठलं.

वरच्या बाजूला दुपट्याची दुमड खांद्यांच्या रेषेत हवी, मान आणि हनुवटी कापडाबाहेर. छाती आणि कापड यांच्यामध्ये माझी दोन बोटं जातील इतकी जागा ठेवते. हात सारखा सुटत असेल तर लगेच आणखी आवळू नका. बहुतेक वेळा कापड आखूड असतं किंवा पाठीखाली नीट खोचलेलं नसतं. बाजू मीटरभर तरी हवी आणि कापड मलमलीसारखं पातळ. हात शरीरालगत सरळ दाबायचा हट्टही नको. काहींना ते छातीवर दुमडलेलेच आवडतात.

पुढची चूक मी स्वतः केली आहे. धाकटा तीन महिन्यांचा होऊन गेला होता. दोन दिवस तो सतरंजीवर कुशीला वळत होता आणि मी टाळ्या वाजवत होते. रात्री मात्र त्याच पोराचे हात बांधून झोपवत होते, कारण रात्र चांगली जात होती. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला पाणी प्यायला उठले म्हणून दिसलं. तो पालथा होता, हात आत अडकलेले. मान कडेला वळली होती आणि गादी टणक होती, म्हणून नाक मोकळं राहिलं. उचलला तेव्हा गालावर चादरीच्या सुरकुतीची लाल रेघ होती. ती पुसली जाईपर्यंत मी त्याला खाली ठेवला नाही.

म्हणून सांगते, बाळ वळायची नुसती खटपट करू लागलं की गुंडाळणं बंद. बहुतेकांचं हे तीन-चार महिन्यांच्या सुमारास सुरू होतं, काहींचं दोन महिन्यांतच. पूर्ण पालथं पडायची वाट बघू नका, ते पहिल्यांदा रात्रीही घडू शकतं. आणि गुंडाळलेलं बाळ नेहमी पाठीवरच झोपवा. कुशीवर नाही, मोठ्यांच्या अंथरुणात तर नाहीच.

दचकतं म्हणून वजन भरलेली तयार गुंडाळणी आणणारे लोक मला समजत नाहीत. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्येच ती वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. दचकणं हा मोरो रिफ्लेक्स, तो काही महिन्यांत आपसूक ओसरतो. तेवढा धीर नको का?

हात गार लागले म्हणून वर आणखी पांघरूण घालू नका. मानेमागे हात लावून बघा. घाम असेल तर कपडे कमी करा. ताप असताना गुंडाळू नका.

रडलं की गुंडाळ, हाही शॉर्टकट. भुकेलं बाळ मूठ तोंडाकडे नेतं आणि मूठच बांधली तर ती खूण आपल्याला दिसत नाही. पहिल्या काही आठवड्यांत तर शांत झोपलेलं बाळ दूध चुकवतही असू शकतं. पाजताना मी दुपटं पूर्ण सोडते आणि जागेपणी गुंडाळतच नाही.

सोडवायचं कसं? बाळ अजून वळत नसेल तर आधी एक हात बाहेर, तीन-चार रात्रींनी दुसरा. वळत असेल तर त्याच रात्री दोन्ही, त्यात सवलत नाही. हात मोकळे राहतील अशी झोपायची पिशवी मिळते, ती चांगली. आमच्या चार रात्री वाईट गेल्या. पाचव्या रात्री त्यानं मूठ चोखत चोखत डोळे मिटले. दुपटी नंतर माझ्या खांद्यावर, दूध ओकलं की पुसायला. त्याच्या गादीवर मात्र एकही सुटं कापड ठेवलं नाही.